तळ्यातील मरळ किती खातो? भक्षक माशांच्या आहाराचा अंदाज बांधण्याची रीत

गावतळ्यात किंवा शेततळ्यात मत्स्यबीज सोडावे, सहा महिने वाट पाहावी आणि जाळे ओढण्याच्या दिवशी टोपल्या निम्म्याही भरू नयेत, हा अनुभव पुष्कळ गावांना आलेला आहे. अशा वेळी पहिला आळ राखणदारावर येतो. दुसरा आळ बीज पुरविणाऱ्यावर येतो आणि तिसरा शेजारच्या वस्तीवर. यांपैकी एखादा आळ खराही असू शकेल. परंतु ज्याच्यावर तो घ्यावयाचा त्याच्याकडे बोट दाखविण्यापूर्वी पाण्यातच राहणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा हिशेब मांडणे न्यायाचे होय. हा गिऱ्हाईक म्हणजे भक्षक मासा. तो रोज किती खातो, हे साध्या तराजूने आणि साध्या गणिताने बऱ्याच अंशी सांगता येते. ती रीत या पाठात दिली आहे.

उदाहरणासाठी जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव हा परिसर घेऊ. तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते. पैठणच्या जायकवाडी प्रकल्पाची कोनशिला १९६५ साली बसली आणि १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. त्याचा डावा कालवा जालना जिल्ह्यातून परभणीकडे जातो. पुढे २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेखाली मराठवाड्यात शेततळी खोदली गेली. नदी, कालवा, नाला आणि शेततळे अशी पाण्याची साखळी जेथे जुळते, तेथे पाण्याबरोबर मासेही वाट काढतात. म्हणून हा प्रश्न या भागातील कास्तकारास जवळचा आहे.

भक्षक मासे कोणते?

आपल्याकडील गोड्या पाण्यात मरळ, शिंगाळा, शिवडा व वाम हे मासे प्रामुख्याने इतर प्राण्यांवर जगतात. गावोगाव त्यांची नावे बदलतात. तेव्हा नावापेक्षा तोंडाकडे पाहावे. रुंद जबडा, अणकुचीदार दात आणि आखूड आतडे ही मांसाहारी माशाची सामान्य खूण होय. याउलट कटला, रोहू व मृगळ यांच्या जबड्यांना दात नसतात आणि ते पाण्यातील सूक्ष्म जीव, शेवाळ व तळाचा कुजका पदार्थ यांवर वाढतात.

शेततळ्याच्या दृष्टीने या सर्वांत मरळ अधिक महत्त्वाचा. तो वातावरणातील हवा घेऊ शकतो. त्यामुळे जेथे पाण्यातील प्राणवायू कमी होऊन रोहू-कटला तडफडतात, तेथेही मरळ तग धरतो. पावसात ओल्या जमिनीवरून सरपटत तो एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जातो, आणि पाणी आटले तर ओल्या चिखलात दडून राहतो. मादी अंडी घालते तेव्हा नर-मादी त्यांची राखण करतात. म्हणून एक जोडी आत शिरली तरी पुढील वर्षी तिचे कुटुंब होते.

पूर्वी कार्प माशांचे बीज नदीतून गोळा करावे लागे व त्यात भक्षक माशांची पिले मिसळून येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगूल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे टोचण देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले आणि शुद्ध बीज केंद्रात तयार करण्याचा मार्ग खुला झाला. आज खात्रीच्या केंद्रातून आणलेल्या बीजात मरळ सापडण्याचा संभव थोडा. तो येतो तो बहुधा पंपाच्या, नाल्याच्या किंवा सांडव्याच्या पाण्यातून.

आहाराचा हिशेब म्हणजे जमाखर्च

माशाने खाल्लेल्या अन्नाचे काय होते, हे आधी समजून घ्यावे. अन्नाचा काही भाग विष्ठा व मूत्र यांवाटे बाहेर जातो. काही भाग श्वसन, पोहणे, पचन यांत जळून जातो. उरलेला भाग अंगी लागतो. रशियन शास्त्रज्ञ विनबर्ग यांनी १९५६ साली हा जमाखर्च प्रथम पद्धतशीर मांडला. ब्रेट व ग्रोव्हज यांनी १९७९ साली अनेक प्रयोगांचा गोषवारा काढून असे दाखविले की, वाढीच्या वयातील मांसाहारी माशाने अन्नातून १०० भाग ऊर्जा घेतली, तर सरासरी ४४ भाग जगण्यात खर्च होतात, २७ भाग टाकाऊ जातात आणि २९ भाग वाढीस लागतात.

मासा खाऊन मासाच वाढतो, म्हणजे अन्न व शरीर यांचे मांस जवळजवळ सारखे असते. त्यामुळे उत्तम स्थितीत सुमारे साडेतीन किलो भक्ष्यामागे एक किलो भक्षक वाढतो, असा अर्थ निघतो. परंतु ही भरपेट खाणाऱ्या तरुण माशाची गोष्ट झाली. तळ्यात भक्ष्यामागे धावावे लागते, थंडीत वाढ मंदावते आणि वय वाढले की खाल्लेले अंगी कमी लागते. म्हणून व्यवहारात एक किलो वाढीस चार ते सहा किलो भक्ष्य धरावे. मध्यम अंदाजासाठी पाच किलो धरणे सोयीचे होय.

पहिली रीत : वाढीवरून अंदाज

ही सर्वांत सोपी रीत आहे. तीस फक्त तराजू व वही लागते.

असे समजा की, कुंभार पिंपळगावच्या शिवारातील एका शेततळ्यात ऑगस्टमध्ये पाणी भरतेवेळी मरळ शिरले. त्या वेळी जाळ्यात आलेल्या मरळांचे सरासरी वजन २०० ग्रॅम भरले. सहा महिन्यांनी, म्हणजे १८० दिवसांनी, तेच वजन ६०० ग्रॅम भरले. प्रत्येकाची वाढ ४०० ग्रॅम झाली.

४०० ग्रॅम वाढ × ५ = २,००० ग्रॅम, म्हणजे २ किलो भक्ष्य.

२,००० ग्रॅम ÷ १८० दिवस = दररोज सुमारे ११ ग्रॅम.

या काळातील सरासरी वजन ४०० ग्रॅम धरले, तर रोजचा आहार अंगाच्या वजनाच्या पावणेतीन टक्क्यांच्या आसपास येतो. हा आकडा वर्षभर एकसारखा नसतो. लहान मासा आपल्या वजनाच्या मानाने अधिक खातो, मोठा कमी. पाणी उबदार असता भूक वाढते, पौष-माघातील थंडीत ती घटते. अंडी व पिले राखताना मरळाचे खाणे कमी होते.

दुसरी रीत : जठरातील अन्नावरून अंदाज

पकडलेल्या मरळाचे पोट उघडून जठरातील अन्न बाहेर काढावे, ओलसर कापडावर निथळून तोलावे आणि त्यात काय काय आहे हे लिहून ठेवावे. १९३५ साली बायकॉव्ह या संशोधकाने त्यावरून रोजच्या आहाराचा सोपा गुणाकार दिला :

रोजचा आहार = जठरातील सरासरी अन्न × २४ ÷ जठर रिकामे होण्यास लागणारे तास.

समजा, सप्टेंबरात दिवसाच्या व रात्रीच्या निरनिराळ्या वेळी मिळून दहा मरळ पकडले. त्यांच्या जठरांत एकंदर ५० ग्रॅम अन्न निघाले. सरासरी ५ ग्रॅम झाली. जठर रिकामे होण्यास १२ तास लागतात असे टाकीतील पाहणीत आढळले. तर ५ × २४ ÷ १२ = १० ग्रॅम रोजचा आहार.

या रीतीत चार चुका हमखास होतात. त्या टाळाव्यात.

(१) रिकामी जठरे वगळू नयेत. ती शून्य धरून सरासरीत घ्यावीत. नाहीतर अंदाज फुगतो.

(२) गळाने पकडलेल्या माशांवरच विसंबू नये. भुकेला मासाच गळाला लागतो, म्हणून अंदाज घटतो.

(३) जाळ्यात तडफडताना मासा अन्न ओकून टाकतो. म्हणून जाळे फार वेळ टाकून ठेवू नये.

(४) सर्व मासे एकाच वेळी पकडू नयेत. मरळ पहाटे व सायंकाळी अधिक शिकार करतो. केवळ दुपारची पाहणी फसवी ठरते.

बायकॉव्हची रीत ढोबळ आहे. जठर भरलेले असता अन्न वेगाने पुढे सरकते व पुढे वेग मंदावतो, ही गोष्ट तीत धरलेली नाही. एलियट व पर्सन यांनी १९७८ साली ती उणीव भरून काढली. ग्रामपातळीवरील कामास मात्र जुना गुणाकार पुरेसा आहे. त्याला अचूक न मानता अंदाज मानावे, एवढेच.

तिसरी रीत : टाकीतील प्रयोग

शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात सिमेंटची टाकी असल्यास हा प्रयोग दोन आठवड्यांत होतो. टाकीत तोललेला एक मरळ सोडावा व वर जाळी घट्ट बांधावी, कारण मरळ उडी मारून बाहेर पडतो. एक दिवस त्याला उपाशी ठेवावे. नंतर रोज ठरावीक वेळी मोजून व तोलून लहान मासे सोडावेत आणि दुसऱ्या दिवशी उरलेले मोजावेत. शेजारच्या दुसऱ्या टाकीत तेवढेच लहान मासे मरळाशिवाय ठेवावेत. त्यांतील जे आपोआप मरतील, तेवढी वजाबाकी पहिल्या टाकीच्या आकड्यातून करावी. पाण्याचे तापमान रोज लिहावे. जठर किती तासांत रिकामे होते हेही याच प्रयोगात, खाऊ घातल्यानंतर ठरावीक तासांनी एकेक मासा उघडून, पाहता येते. त्यासाठी मात्र अधिक मासे लागतील.

टाकीतील माशाला धावपळ नसते आणि भक्ष्य समोर असते. म्हणून हा आकडा तळ्यातील आकड्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही. तिन्ही रीतींची उत्तरे जवळजवळ आली, तर अंदाजावर विश्वास ठेवावा. वरील उदाहरणात पहिल्या रीतीने सहा महिन्यांची सरासरी ११ ग्रॅम व दुसऱ्या रीतीने सप्टेंबरातील लहान मरळांसाठी १० ग्रॅम येते. म्हणजे दोन्हींचा मेळ बसतो.

मरळ किती आहेत, हे कसे मोजावे?

एकाचा आहार कळला तरी खाणारी तोंडे किती, हे कळल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. तळे आटविता येत असेल तर मोजणी सरळ होते. ते शक्य नसेल तर डेन्मार्कचे पीटरसन यांच्या १८९६ सालच्या कामावरून रूढ झालेली खुणेची रीत वापरावी. समजा, पहिल्या दिवशी ६ मरळ पकडले, त्यांच्या परांचा टोकाकडील लहानसा तुकडा कापून खूण केली व सोडून दिले. आठवड्याने ८ मरळ पकडले. त्यांपैकी ४ खुणेचे निघाले. तर एकूण मरळ = ६ × ८ ÷ ४ = १२. या कामी गावातील भोई बांधवांची मदत घ्यावी. कोणते जाळे कोठे व केव्हा टाकावे, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास कळत नाही.

आता आळ कोणावर?

आपल्या उदाहरणातील शेततळे ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद, म्हणजे सुमारे ९ गुंठ्यांचे आहे. त्यात ५०० बोटुकल्या सोडल्या. सोडतेवेळी एकेकीचे वजन ५ ग्रॅम होते. पहिल्या चाळीस दिवसांत त्या वाढतच गेल्या; त्या काळातील सरासरी वजन १० ग्रॅम धरू. चाळीस दिवसांनंतर त्यांची अंगे इतकी उंच झाली की मरळाच्या जबड्यात मावेनात. म्हणजे धोक्याची मुदत चाळीस दिवसांची.

या मुदतीत मरळ लहान असल्याने त्याचा रोजचा आहार १० ग्रॅम, म्हणजे दिवसाकाठी एक बोटुकली. तळ्यात १२ मरळ असतील, तर १२ × ४० = ४८० बोटुकल्या. ५०० पैकी ४८० ! परंतु मरळ बेडूक, कीटक आणि इतर फुटकळ मासेही खातो. जठरांच्या पाहणीत बोटुकल्यांचा वाटा निम्माच आढळला, तर २४० हा आकडा येतो. तेव्हा प्रामाणिक उत्तर असे की, या तळ्यात मरळांनी २४० ते ४८० बोटुकल्या खाल्ल्या असाव्यात. जाळे ओढल्यावर तीनशे मासे कमी भरले, तर त्यासाठी चोर शोधण्याचे कारण उरत नाही. राखणदाराची मजुरी कापण्यापूर्वी हा हिशेब पंचांपुढे ठेवावा.

आता उलट बाजू पाहू. तळ्यात १२ नव्हे, दोनच मरळ सापडले. तर २ × ४० = ८०, आणि निम्मा वाटा धरता ४०. अशा तळ्यात तीनशे मासे कमी भरले, तर सारा दोष मरळाच्या माथी मारता येणार नाही. मग इतर कारणे तपासावीत. बीज वाहतुकीत दमले होते काय? सोडतेवेळी पिशवीतील व तळ्यातील पाण्याचे तापमान जुळवून घेतले होते काय? ढगाळ दिवसांत पहाटे मासे वर येऊन हवा घेत होते काय? पाणकावळे व पाणसाप यांचा वावर होता काय? सांडव्यास जाळी होती काय? ही सर्व कारणे दूर झाल्यावरच माणसाकडे वळावे. हिशेब हा जसा निरपराध माणसाची सुटका करतो, तसा तो खोटी सबबही चालू देत नाही.

बंदोबस्त

(१) जबड्याचे माप घ्यावे. सापडलेल्या सर्वांत मोठ्या मरळाचा जबडा पूर्ण उघडून त्याची उंची मोजावी. बोटुकलीच्या अंगाची पाठीपासून पोटापर्यंतची उंची त्याहून अधिक असेल, तर ती गिळली जाणार नाही. जेथे भक्षक पूर्णपणे काढता येत नाहीत, तेथे लहान बीजाऐवजी मोठी बोटुकली सोडण्याचा जादा खर्च भरून निघतो.

(२) पाणी गाळून घ्यावे. पंपाच्या व चारीच्या तोंडाशी बारीक जाळी दुहेरी बांधावी. माशांची अंडी व पिले डोळ्यांस सहज दिसत नाहीत. जाळी रोज झाडून साफ करावी, नाहीतर पाण्याच्या दाबाने फाटते.

(३) उन्हाळ्यात तळे कोरडे करावे. तळ उन्हात भेगाळू द्यावा आणि ओल्या चिखलाचे खड्डे उकरून पाहावेत.

(४) तळे आटत नसल्यास मोहाच्या पेंडीचा उपयोग करावा. पेंडीतील सॅपोनिन हे द्रव्य माशांस मारक असते व पुढे पेंड कुजून तिचे खत होते. प्रमाण एक हेक्टर क्षेत्र व एक मीटर खोलीस २,५०० किलो, म्हणजे प्रत्येक घनमीटर पाण्यास २५० ग्रॅम. आपल्या ९ गुंठ्यांच्या तळ्यात २०० घनमीटर पाणी उरले असेल, तर ५० किलो पेंड पुरेल. म्हणून आधी पाणी उतरवावे, म्हणजे खर्च वाचतो. पेंड भिजवून सर्वत्र सारखी पसरावी. वर आलेले मासे जाळ्याने काढावेत. त्यानंतर निदान तीन आठवडे बीज सोडू नये व गुरांना तेथे पाणी पाजू नये. वाहत्या नाल्यात, नदीत किंवा पिण्याच्या पाण्याच्या साठ्यात ही पेंड कदापि घालू नये.

(५) आफ्रिकन मांगूर तळ्यात आणू नये. हा परदेशी भक्षक मासा भरमसाट खातो, म्हणून त्याच्या पालनास देशात बंदी आहे.

मरळ हा शत्रूच काय?

येथवर वाचून कोणी मरळाचा नायनाट करावयास निघेल, तर तो गैरसमज होईल. गोदावरीत किंवा नाथसागरात मरळ, शिंगाळा व शिवडा यांना त्यांची जागा आहे. ते दुबळे व जादा झालेले लहान मासे खातात आणि समतोल राखतात. अमेरिकेतील आलाबामा येथे स्विंगल यांनी १९५० साली तळ्यांचा अभ्यास करून असे सांगितले की, समतोल तळ्यात भक्षकांच्या एकूण वजनाच्या तीन ते सहा पट वजनाचे भक्ष्य मासे असावेत. त्यांचे मासे व हवामान वेगळे. म्हणून तो आकडा येथे जसाच्या तसा लावू नये. परंतु त्यातील बोध आपल्यालाही उपयोगी आहे : भक्षक असणे हा दोष नव्हे, प्रमाण बिघडणे हा दोष होय.

शिवाय मरळास बाजारात कार्प माशांहून चांगला भाव मिळतो. काही कास्तकार तो मुद्दाम वेगळ्या तळ्यात पाळतात. त्यांनीही हाच हिशेब करावा. एक किलो मरळ वाढविण्यास पाच किलो लहान मासे लागत असतील, तर त्या पाच किलोंची किंमत आणि एका किलो मरळाची किंमत शेजारी शेजारी लिहून पाहावी. नफा तेथेच दिसेल, किंवा दिसणार नाही.

वहीत काय लिहावे?

प्रत्येक तळ्यासाठी एक पान राखून त्यावर पुढील नोंदी कराव्यात : पाणी भरल्याची तारीख व ते कोठून आणले, बीजाची जात, संख्या व सरासरी वजन, दर महिन्यास नमुन्याच्या जाळ्यात आलेले मासे व त्यांची वजने, सापडलेल्या भक्षकांची संख्या, वजन व जठरातील अन्न, पहाटेचे पाण्याचे तापमान, मेलेले मासे, आणि शेवटी एकूण उत्पादन. दोन वर्षे अशी नोंद राहिली की गावास दुसऱ्याच्या आकड्यांची गरज उरत नाही.

स्वाध्याय

१. एका मरळाचे वजन १५० दिवसांत २५० ग्रॅमवरून ५५० ग्रॅम झाले. एक किलो वाढीस पाच किलो भक्ष्य धरून त्याचा रोजचा आहार काढा. (उत्तर : १० ग्रॅम.)

२. पहिल्या वेळी ५ मरळांना खूण केली. दुसऱ्या वेळी ६ पकडले, त्यांत खुणेचे ३ निघाले. तळ्यात एकंदर मरळ किती? (उत्तर : १०.)

३. तळ्यात १२० घनमीटर पाणी उरले आहे. मोहाची पेंड किती लागेल? (उत्तर : ३० किलो.)

४. आपल्या गावातील एका तळ्यात पाणी कोणकोणत्या वाटांनी येते, हे स्वतः फिरून पाहा आणि प्रत्येक वाटेवर जाळी आहे किंवा नाही याची यादी पुढील ग्रामसभेपूर्वी तयार करा.